चारनंतर पाणी नाही

सावनीचं बोलणं जगात एकाच माणसाला कळायचं, तिच्या आईला. आई, म्हणजे अनसूयाबाई, दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर पंधरा दिवसांत गेल्या. सावनी तेव्हा बत्तीस वर्षांची होती.

जन्माच्या वेळी श्वास अडकला आणि मेंदूला जी इजा व्हायची ती झाली. हातपाय ताठ राहिले, मान ठरेना, जीभ ऐकेना. डोकं मात्र लख्ख होतं. अनसूयाबाईंनी तिला घरीच वाचायला शिकवलं. रोज सकाळी पेपर स्टँडला लावून ठेवायच्या आणि पान संपलं की सावनी हाक मारायची. बाहेरच्यांशी बोलता यावं म्हणून त्यांनी प्लायवूडच्या एका फळीवर बाराखडी रंगवून घेतली होती. डाव्या मुठीचा अंगठा एकेका अक्षरावर टेकवत सावनी वाक्य जुळवायची. एका वाक्याला दहा मिनिटं लागायची. आईला फळीची गरज पडत नसे. धाकटा भाऊ हिमांशू मात्र शिकायला बाहेर राहिला, मग नोकरीला लागला. ताईचं म्हणणं त्याच्यापर्यंत कायम आईच्या तोंडून आलं.

हिमांशू वाईट माणूस नव्हता. वाळूजच्या कंपनीत शिफ्टची नोकरी, गारखेड्यात चौथ्या मजल्यावर फ्लॅट, आठ महिन्यांची तान्ही मुलगी, आणि नळाला पाचव्या दिवशी पाणी. आई गेल्यावर दोन महिने त्यानं आणि मनस्विनीनं, त्याच्या बायकोनं, सगळं निभावून पाहिलं. एका सकाळी ताईला खुर्चीत बसवताना त्याच्या कमरेत अशी लचक भरली की तो तिच्यासकट खाली बसला. दोघांना लागलं नाही फार, पण दोघंही घाबरली. त्यानंतर त्यानं शोधाशोध सुरू केली.

कृपाछाया निवास बायपासच्या पलीकडे होतं. तिथं पूर्वी शेतं होती, आता प्लॉट पडले होते आणि दर चार पावलांवर इमारत उठत होती. नळ त्या भागात पोचलाच नव्हता, सगळा कारभार टँकरवर. पिवळ्या रंगाची दुमजली इमारत, बावीस रहिवासी. संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब झेंडावंदनाला तेवढे यायचे. बाकी सगळं मोनिका मॅडमच्या हातात. मॅडम चाळिशीच्या, बोलायला गोड. पहिल्याच दिवशी त्यांनी सावनीचा गाल कुरवाळला आणि म्हणाल्या, "ही आता आमची सावू बरं का. तुम्ही निर्धास्त जा."

हिमांशू निर्धास्त झाला नाही, पण गेला.

दुपारी साडेतीनला चहा मिळे. त्यानंतर पेलाभर पाणी आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत काही नाही. संध्याकाळची खिचडी घशाखाली उतरावी म्हणून दोन चमचे, तेवढंच. पहिल्या दिवशी सावनीनं मागितलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "दुष्काळ आहे ना गं. चारनंतर पाणी नाही. सगळ्यांना सारखंच."

ते तिला पटलं. पेपरात रोज वाचलेलं होतं. तिला आंघोळ घालणारी कडूबाई सोयगावकडच्या खेड्यातली, शेतात काम उरलं नाही म्हणून शहरात आलेली. ती सांगायची, "आमच्या गावाला आठ दिसाला टँकर येतो, ताई. बाया विहिरीत उतरतेत वाटीनं पाणी भरायला." ते ऐकून सावनीला स्वतःच्या तहानेची लाज वाटायची. जीभ टाळूला चिकटली तरी ती गप्प राहायची.

तिच्या खोलीत आवडा होती. वीस-बावीस वर्षांची, ठेंगणी, गुबऱ्या गालांची. तिला एक शब्द बोलता येत नसे, पण पायांत जोर होता, आणि नळाचा आवाज आला की ती धावायची. म्हणून चारनंतर तिची कंबर ओढणीनं खिडकीच्या गजाला बांधून ठेवत. आवडा आधी हसायची, तिला तो खेळ वाटायचा. तासाभरानं हसू जायचं. मग ती गजावर डोकं घासत राहायची. कोपऱ्यातल्या खुर्चीतून सावनीला ते दिसायचं. दिसण्यापलीकडे तिच्या हातात काही नव्हतं.

मार्चमध्ये सावनीला ताप भरला. लघवीला आग व्हायची, रंग गर्द झाला होता. डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, "पाणी पिते का भरपूर?"

"भरपूर," मॅडम म्हणाल्या. "पेला सोडतच नाही."

सावनीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. पाणी कमी आहे, म्हणून देता येत नाही, असं त्या सहज सांगू शकल्या असत्या. डॉक्टरांना सगळं ठाऊक होतं, तेही याच शहरात राहत होते. मग खोटं कशाला? त्या दिवसापासून ती खिडकीबाहेर नीट बघायला लागली. आठवड्यातून दोनदा टँकर यायचा. हौद भरून पाणी रस्त्यावर वाहायचं. रोज संध्याकाळी पाच वाजता शिपाई फाटकाजवळच्या हिरवळीला पाइपनं पाणी घालायचा, चांगलं अर्धा तास.

तोवर कडूबाईला तिचं बोलणं थोडं थोडं उमगू लागलं होतं. रोज अंगाला हात लावणाऱ्या माणसाला कधीतरी उमगतंच. सावनीनं आंघोळीच्या वेळी हौदाबद्दल विचारलं. तीन वेळा विचारावं लागलं. कडूबाईनं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पाणी मस हाय, ताई. हौद कधी रिकामा नसतो. संध्याकाळी पाणी पाजलं का रात्री उचलावं लागतं, कापडं बदलावी लागतेत. रात्रपाळीला एकच बाई. म्हणून मॅडमनं बंद केलंय. दुष्काळ बाहेरच्यांला सांगायला."

सावनीच्या अंगावर पाण्याचा तांब्या पडत होता. ती त्या पाण्याकडे बघत राहिली. आपण दोन महिने लाजत होतो, हे तिला सगळ्यात जास्त लागलं.

हिमांशू महिन्यातून एका रविवारी यायचा. आधी फोन करून वेळ घ्यावी लागे, आणि भेट मॅडमच्या ऑफिसात, मॅडमच्या समोर. त्या दिवशी सावनीला तासभर आधीच चांगला ड्रेस घालून, केस विंचरून तिथं आणून ठेवलं. एरवी खुर्ची दाराकडे तोंड करून लावत. त्या दिवशी कुणीतरी नवी बाई होती, तिनं भिंतीकडे लावली. भिंतीवर काचेत मढवलेला तक्ता होता. दिव्यांग व्यक्तींचे हक्क. संस्थेला तो लावावाच लागतो म्हणून लावलेला. सावनीनं तो वरपासून खालपर्यंत वाचला, मग पुन्हा वाचला. उपाशी ठेवणं, कोंडून ठेवणं, जाणूनबुजून दुर्लक्ष करणं याला छळ म्हणतात, असं त्यात लिहिलं होतं. असं कुठं घडत असल्याचं कळलं तर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार देऊ शकतो. आपल्याला जमेल त्या पद्धतीनं आपलं म्हणणं मांडण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. इतके दिवस हे सगळं तिच्या पाठीमागच्या भिंतीवर होतं.

हिमांशू आला. तो वाळला होता. पहिल्या दिवशीच काढून घेतलेली फळी कपाटात होती, तिनं डोळ्यांनी तिकडे खूण केली. मॅडम म्हणाल्या, "त्या फळीचे कोपरे टोकदार आहेत हो, मुलांना लागतात. सुतार बोलावलाय."

मग सावनीनं तोंडानं सांगायचं ठरवलं. सगळा जीव एकवटून तिनं एकच शब्द उच्चारला. पाणी. तिच्या जिभेवर 'प' आणि 'ण' कधीच बसले नव्हते. शब्दातून ते गळाले आणि जे उरलं ते हिमांशूनं ऐकलं.

"आ-ई."

"बघा," मॅडम हळुवारपणे म्हणाल्या. "दिवसभर हेच. आईची आठवण काही जात नाही हो."

सावनीनं पुन्हा म्हटलं. पुन्हा. जितक्या जोरात म्हणायची तितकं ते आईच व्हायचं. हिमांशूचे डोळे भरून आले. त्यानं तिचं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाला, "मलाही येते गं ताई." थोड्या वेळानं तो उठून गेला, कारण त्याला तिथं बसवेना.

पुढचे चार दिवस सावनीनं जेवण टाकलं. रागानं नव्हे, गिळवतच नव्हतं. पाचव्या दिवशी आंघोळीच्या वेळी तिनं ऑफिसात काय झालं ते तुटक तुटक सांगितलं, तेव्हा कडूबाईच म्हणाली, "भावाचा नंबर पाठ हाय का?" होता. कडूबाई एकेक बोट उघडत जायची, बरोबर आकड्यावर आली की सावनी आवाज करायची. दहा आकड्यांना दोन दिवस लागले. कडूबाईनं तो नंबर स्वतःच्या फोनमध्ये घातला आणि सुट्टीच्या दिवशी फोन लावला.

"दादा, मी कडूबाई बोलते, कृपाछायातली. तुमची बहीण आई नाय म्हणत. पाणी म्हणते."

हिमांशू त्याच दिवशी, न कळवता, संध्याकाळी पाचला येऊन थडकला. ऑफिसात न थांबता सरळ खोलीत गेला. आवडा गजाला बांधलेली होती. तिच्या कमरेवर ओढणीचा लाल वळ होता. ताईचे ओठ फुटलेले होते. त्यानं ओरडून फळी मागितली, आणि मॅडमना कपाट उघडावंच लागलं. अडीच महिन्यांनी सावनीचा अंगठा अक्षरांवर टेकला. पाणी देत नाहीत. आवडाला बांधतात. डॉक्टरला खोटं सांगतात. अर्धा तास गेला, तरी तो हलला नाही.

"तिला फिट येते, पडू नये म्हणून बांधतो," मॅडम म्हणाल्या. "आणि पाणी डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. तुम्हाला समाधान नसेल तर घेऊन जा ना. आमच्याकडे वाट बघणाऱ्यांची रांग आहे."

त्या बाहेर गेल्यावर हिमांशू बहिणीसमोर उकिडवा बसला. "शहरात दुसरी जागा नाही, ताई. मी सगळीकडे विचारून आलोय. तक्रार केली तर हे तुला ठेवणार नाहीत. मग तुला नेऊ कुठं?"

सावनीनं दोनच अक्षरं दाखवली. क. र.

त्यानं सरकारी कार्यालयात अर्ज दिला. तीन आठवड्यांनी चौकशी ठरली, आणि तिची तारीख संस्थेला आधीच कळली होती. त्या दिवशी सकाळपासून प्रत्येक खोलीत माठ भरून ठेवला, वर झाकण, बाजूला पेला. ओढण्या दिसेनाशा झाल्या. आवडा इतकं पाणी प्यायली की तिला उलटी झाली.

चौकशीला आलेले साहेब वयस्कर होते, सभ्य होते. त्यांनी सावनीच्या खुर्चीपाशी वाकून विचारलं, "बाळा, तुला इथं काही त्रास आहे का?"

सावनी बोलली.

"नाही म्हणतेय," मॅडम म्हणाल्या.

"साहेब, तिला फळी द्या," हिमांशू म्हणाला. "ती स्वतः सांगेल. तो तिचा हक्क आहे."

साहेबांनी फळी द्यायला लावली. सावनीनं सुरुवात केली. पण इतके लोक बघत असले की तिचे हात जास्तच ताठायचे. अंगठा घसरायचा, पुन्हा आणावा लागायचा. 'रोज चारनंतर' एवढं जुळेपर्यंत साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. तेवढ्यात मॅडमनी फाइलमधून एक कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. सावनीचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र, तेरा वर्षांपूर्वीचं. त्यावर मेंदूचा पक्षाघात लिहिलं होतं, आणि त्याच्या खाली मतिमंदत्व.

तो दिवस सावनीला आठवत होता. तिसऱ्या खेपेला नंबर लागला होता, तपासणाऱ्यानं काहीतरी विचारलं आणि तिचं उत्तर तोंडातून निघायच्या आत पुढचा प्रश्न विचारला. आई थकली होती. "लिहू दे गं," ती म्हणाली होती, "कागदच तर आहे. तुला काय येतं ते मला ठाऊक आहे."

"भाऊ शिकवतो तसं ती बोट ठेवते," मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या. "तिचा दोष नाही त्यात."

साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि सावनीच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हातात दया होती. त्या हातानंच सावनीला कळलं की संपलं. ती पुढचं अक्षर शोधत होती, तेव्हा ते आवडाच्या खाटेकडे वळले होते. आवडा त्यांच्याकडे बघून हसली. त्यांनी तेही लिहून घेतलं, रहिवासी आनंदी आढळले. कडूबाईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "साहेब, मी खरं सांगते, चारनंतर पाणी देत नाय." ती एकटीच बोलली. बाकीच्या बायांनी मान खाली घातली.

अहवालाची प्रत हिमांशूला मिळाली. तक्रारीत तथ्य आढळले नाही. सूचना एकच होती: पिण्याच्या पाण्याचे वेळापत्रक दर्शनी भागात लावावे. मॅडमनी ते लगेच लावलं. सकाळी आठ, दुपारी बारा, दुपारी साडेतीन. आता तो नियम छापील झाला होता.

कडूबाईला दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं. त्या शनिवारी हिमांशू रिक्षा घेऊन आला आणि ताईला घरी घेऊन गेला. निघताना आवडानं सावनीच्या खुर्चीचा दांडा धरला. शिपायानं तिची बोटं एकेक करून सोडवली.

घरी पाणी होतं. मनस्विनी पिपं भरून ठेवायची आणि सावनी मागेल तेव्हा पाजायची. मनस्विनीला जूनपासून नोकरीवर परत जायचं होतं. त्या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही. ती बोलत नाही याचं ओझं सावनीला रोज उठल्यापासून जाणवायचं. मूत्रपिंडाला सूज आहे, असं नवीन डॉक्टरांनी सांगितलं. किती बरी होईल, ते त्यांना सांगता येईना.

मेच्या शेवटी कडूबाई भेटायला आली. चार मजले चढून दारातच बसली, तिथूनच म्हणाली, "आवडी गेली, ताई."

कृपाछायातल्या एका बाईनं तिला सांगितलं होतं. तीन दिवस ताप होता. ऊन लागलं असं लिहिलं आणि संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. "ओठाला कापूस लावून बसले होते म्हणे शेवटी," कडूबाई म्हणाली. "आदी दिलं असतं तर."

सावनी त्या दिवशी रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हिमांशूला फळी मांडायला लावली. दंडाधिकारी, तिनं दाखवलं. तक्त्यावर वाचलेलं सगळं तिला तोंडपाठ होतं. तो अर्ज लिहायला चौदा दिवस लागले, शिफ्टवरून आल्यावर रोज थोडा थोडा. त्यात माठ होते, ओढणी होती, हिरवळ होती. पीडितेचं पूर्ण नाव, असा रकाना आला तिथं हिमांशू थांबला.

"आवडा काय?"

सावनीला माहीत नव्हतं. कडूबाईलाही नव्हतं. पिशोरकडची, चुलता आणून सोडून गेला, एवढंच ती ऐकून होती. संस्थेनं नाव सांगायला नकार दिला. एका सुट्टीच्या दिवशी हिमांशू मोटरसायकल घेऊन पिशोरला गेला आणि बाजारात विचारत विचारत त्यानं तो चुलता हुडकून काढला. बद्रीनाथ नावाचा, अंगानं सुकलेला माणूस. त्यानं नाव सांगितलं. पण कागदावर सही करायला तो तयार होईना.

"तिला मी दोन वर्षं खांद्यावर घेऊन हिंडलो, साहेब. ह्या दवाखान्यात, त्या देवाला. आता ती सुटली. मेलेल्या पोरीसाठी मला कोर्टात उभं नका करू."

हिमांशूला त्याच्यावर रागावता आलं नाही.

अर्ज गेला. पहिली तारीख पुढे ढकलली, साहेब रजेवर होते. दुसरी विधानसभेच्या निवडणुकीच्या कामात गेली. नोव्हेंबरात सुनावणी झाली. या वेळचे साहेब तरुण होते आणि त्यांनी फळी मांडू दिली, दीड तास थांबलेही. सावनीनं सगळं सांगितलं. एकही अक्षर चुकलं नाही. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "ताई, तुम्ही आता तिथं राहत नाही. ज्या मुलीबद्दल सांगताय, तिचं शवविच्छेदन झालेलं नाही आणि नातेवाइकांची तक्रार नाही. एकाच बाईची साक्ष, तीही कामावरून काढलेली. मी संस्थेला समज देऊ शकतो. यापुढे माझ्याजवळ काही उरत नाही."

तुमचं म्हणणं खोटं आहे, असं तो माणूस म्हणाला नाही. खोटं ठरवलं असतं तर तिला चिडता तरी आलं असतं.

कडूबाई बाहेर बाकावर बसली होती. तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. दसऱ्यानंतर पाऊस नको तितका झाला होता, नाले वाहत होते, पेपरवाले दुष्काळाचं नाव विसरले होते. कृपाछायात मात्र चारनंतर पाणी नव्हतंच. "आता म्हणतेत थंडी हाय, पाणी बाधतं," कडूबाई म्हणाली. आवडाच्या खाटेवर नवी मुलगी आली होती, कन्नड तालुक्यातली.

परत जाताना रिक्षा खड्ड्यांतून आदळत होती. हिमांशूनं एका हातानं ताईला धरलं होतं, दुसऱ्या हातात फळी होती. "पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं म्हणे," तो म्हणाला. "जायचं का?"

सावनीनं हात उचलला, पण रिक्षा हलत असली की अंगठा कुठल्याच अक्षरावर टेकत नाही. दोनदा प्रयत्न करून तिनं तो मांडीवर टाकला.

"घरी गेल्यावर सांग," हिमांशू म्हणाला.

घरी पोचले तेव्हा त्याची दुसऱ्या पाळीची वेळ झाली होती. त्यानं आणि वॉचमननं मिळून तिला चार मजले वर नेलं, कॉटवर टेकवलं, फळी भिंतीला लावून ठेवली आणि तो तसाच जिन्यानं खाली पळाला.